कोंबड्यांसाठी शिळा ब्रेड

शनिवारी संध्याकाळी रुचिताने बेकरीत शिळा ब्रेड मागितला आणि चाचांचा चेहराच पडला. शांती नगरात इतकी वर्षं इमानाने दुकान चालवून शेवटी हे ऐकायला मिळावं, याचं त्यांना फार वाईट वाटलेलं दिसलं.

“मॅडम, अपने यहाँ बासी माल नहीं रहता. सब ताजा है.”

“ताजा नहीं चाहिए, चाचा. कल का, परसों का... जितना पुराना, उतना अच्छा.”

आता तिचं तरी काय चुकलं? दादर-माटुंग्याकडच्या तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणी कधीपासून ‘येऊ गं एकदा तुझ्या मीरा रोडला’ म्हणत होत्या, जसं काही मीरा रोड म्हणजे काशीयात्रा. अखेर उद्या त्या यायच्या होत्या, ब्रंचला. म्हणजे नाश्त्याला उशीर आणि जेवणाला लवकर. त्यासाठी रुचिताने मोबाईलवर पुन्हा पुन्हा पाहून एक पदार्थ हेरून ठेवला होता. फ्रेंच टोस्टच, पण तव्याशी एकेक भाजत उभं राहायचं नाही. ब्रेडचे तुकडे ट्रेमध्ये रचायचे, वरून दूध-अंड्यांचं मिश्रण ओतायचं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सकाळी अख्खा ट्रे ओव्हनमध्ये सरकवायचा. वरून कुरकुरीत, आतून कस्टर्डसारखा लुसलुशीत. अट एकच, ब्रेड शिळा हवा. ताज्या ब्रेडची दुधात पेज होते. शिळा बिचारा तहानलेला असतो, सगळं दूध पिऊन घेतो आणि तरी ताठ उभा राहतो.

हे सगळं चाचांना हिंदीत कसं समजावावं, या विचारात ती असतानाच मागून आवाज आला.

“दे दो ना, चाचा. मॅडम के घर मुर्गियाँ हैं. सुबह से भूखी बैठी हैं बेचारी.”

चाचांचा चेहरा उजळला. कोंबड्यांसाठी म्हटल्यावर इज्जतीचा प्रश्नच मिटला. टोस्ट करायला बाजूला काढलेला कालचा अख्खा ब्रेड त्यांनी आतून आणून दिला.

रुचिताने वळून पाहिलं. गुडघ्यापर्यंत गमबूट, बाह्या दुमडलेला चेक्सचा शर्ट, एका हातात दुधाची किटली. आणि डोळे... डोळे इतके हसरे, की रागवायला तयार केलेलं वाक्य तिला आठवेचना.

“माझ्याकडे कोंबड्या नाहीयेत,” ती एवढंच म्हणाली.

“माहितीये. कोंबड्यावाल्या बायका व्हॅनिला इसेन्स आहे का म्हणून विचारत नाहीत. मी तुमच्या मागेच उभा होतो.”

“मग खोटं कशाला बोललात?”

“ब्रेड मिळाला ना?”

तेवढ्यात तिच्या नाकात एक उग्र वास शिरला आणि ती नकळत एक पाऊल मागे सरली. त्याच्या ते बरोबर लक्षात आलं.

“तबेल्याचा वास आहे. म्हशींचा डॉक्टर आहे मी. दुपारपासून घोडबंदरच्या तबेल्यात होतो. साबणाने जात नाही हा... लग्नाच्या बाजारात तर याला अजिबात भाव नाही. मुली पळतात. बघा, तुम्हीही निघालात.”

“मी निघाले नाहीये. मी... जागा देतेय तुम्हाला. काउंटरपाशी यायला.”

“हो का?” तो हसला आणि चाचांकडून खारीचा पुडा घेतला. “आईसाठी नेतोय. न्यूमोनियातून उठली, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. रोज काहीतरी नवीन नेतो, रोज एक घास खाते आणि ताट सरकवते. पण उद्या नाही सरकवणार. उद्या तिने स्वतःहून मागितलेली गोष्ट मिळणार आहे तिला.”

काय ते विचारावं, असं रुचिताच्या मनात आलं. पण तो भलत्याच तंद्रीत होता.

“आज एक अडलेली म्हैस सोडवली,” तो म्हणाला. “रेडकू आडवं आलं होतं. बाहेर काढलं तर हलेचना. आम्ही गवताने अंग चोळतोय, चोळतोय. आणि एकदम शिंकलं ते. थोड्या वेळाने चार लटपटत्या पायांवर उभं राहिलं आणि कोणी न सांगता बरोबर आईच्या कासेला जाऊन लागलं. इतक्या वेळा बघितलंय मी... तरी दरवेळी वाटतं, हे असं होतंच कसं?”

बोलताना त्याचा आवाज खाली आला होता, देवळात येतो तसा. रुचिता बघतच राहिली. म्हशीबद्दल असं बोलणारा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. आजूबाजूचे तर नवीन फोनबद्दलसुद्धा इतक्या प्रेमाने बोलत नसत.

“कोंबड्यांना माझा नमस्कार सांगा,” म्हणून तो निघून गेला. नाव विचारायचं राहिलं, हे तिला रस्ता ओलांडल्यावर सुचलं. बाई गं, सुचायच्या वेळी कधी सुचलंय कुणाला?

ती कोपऱ्यावरच्या दुकानांत मेपल सिरप शोधत फिरली. ते काही मिळालं नाही, म्हणून काकवीची बाटली घेऊन घरी आली. आई, म्हणजे मनोरमाबाई, भजनाला गेल्या होत्या. बाबा, म्हणजे सुभाषराव, टीव्हीवर मॅच बघत होते. ओव्हनमधल्या कढया आणि पोळपाट बाहेर काढून तिने ओव्हन पुसून घेतला. मध्यमवर्गीय घरात ओव्हन हे आधी कपाट असतं आणि मग ओव्हन. फ्रिजमध्ये झाकलेलं पातेलं होतं, त्यात पिवळसर, दाट दूध. आज भय्याने दूध बरं दिलेलं दिसतंय, असं म्हणत तिने ते ओतलं. थोडं कमी पडलं, म्हणून पिशवीचं घातलं. अंडी फेटली. व्हॅनिला तर नव्हताच, म्हणून जायफळ किसलं आणि वेलची कुटून टाकली. ब्रेडचे तुकडे रचून वरून सगळं ओतलं आणि ट्रे झाकून फ्रिजमध्ये ठेवला. रिकामं पातेलं घासून पालथं घातलं. काम कसं चोख.

आणि हे करताना मध्येच ती उगाच हसत होती. एक शिंकणारं रेडकू तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. रेडकू म्हणायचं आपलं... खरं म्हणजे गमबूट.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

“रुचिता, फ्रिजमधलं पातेलं कुठे गेलं?”

“दुधाचं? ते मी वापरलं काल.”

ती आत गेली. आई ओट्याला टेकून उभी होती.

“दूध नव्हतं गं ते. चीक होता. काल ज्या म्हशीला रेडकू झालं, तिचा पहिल्या दिवसाचा चीक. मी तुझ्या बाबांना सांगून गेले होते, रुचिताला सांगा, त्या पातेल्याला हात लावायचा नाही.”

दोघींनी हॉलकडे पाहिलं. सुभाषरावांनी पेपर थोडा वर धरला.

“कुठल्यातरी पातेल्याबद्दल म्हणाली होतीस खरं,” पेपरामागून आवाज आला. “शेवटची ओव्हर चालू होती.”

मग आईने सगळं सांगितलं. भाईंदरच्या कोळीवाड्यातून टोपली घेऊन दारोदार मासे विकायला येणारी शकूमावशी तिला चांगली आठवत होती. मनोरमाबाई खरवस करायच्या तेव्हा शकूमावशीची वाटी ठरलेली. ती पायरीवर बसून तो खायची, आणि उठताना ‘बाय, तुज्या हाताला सोन्याचा कडा घाल’ म्हणायची. तीच शकूमावशी मोठ्या दुखण्यातून उठली होती. जेवण जात नव्हतं. काय खावंसं वाटतं म्हणून मुलाने विचारलं, तर एकच गोष्ट म्हणाली, मनोरमाबायच्या हातचा खरवस. मुलगा काल संध्याकाळी चीक देऊन गेला आणि आज आईला घेऊन येणार होता.

“तिचा मुलगा?” रुचिता अगदी हळू म्हणाली. “काय करतो तो?”

“जनावरांचा डॉक्टर आहे. नीरज. किटली घेऊन आला होता, गमबूट घालून. मी सगळा चीक त्याच्यासमोरच पातेल्यात काढला.”

करायला गेली गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ना, तसं झालं. रुचिताने फ्रिज उघडला. ट्रे समोरच होता. ब्रेडने सगळा चीक पिऊन टाकला होता, आता तो परत कुठून काढणार? आणि तेवढ्यात बेल वाजली.

दारात तो उभा होता. आज पायांत चपला, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्याच्या हाताला धरून शकूमावशी. एवढ्या दांडग्या बाईची पार काडी झाली होती, पण कपाळावरचं कुंकू तेवढंच मोठं.

नीरजने रुचिताला पाहिलं आणि तो क्षणभर आईचा हात धरून नुसता उभा राहिला.

“तुम्ही... कोंबड्यावाल्या?”

“आत या,” ती म्हणाली. “आणि आधी माझं ऐकून घ्या. मग हवं तर परत जा.”

तिने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, बाबांवर ढकललं नाही. ट्रे आणून पुढे ठेवला. “हा तुमचा चीक. यात ब्रेड आहे, अंडी आहेत. मी विचारलं नाही, बघितलं नाही. आई कसा करते तसा खरवस आता नाही होणार याचा. मावशी, माफ कर मला.”

नीरजने ट्रेवरचं झाकण काढलं. तो ट्रेकडे बघत होता, आणि कालचं ते हसू त्याच्या डोळ्यांत कुठेच नव्हतं. तिला रागवला असता तर बरं झालं असतं. 

शकूमावशी मात्र खाली बसकण मारून ट्रेवर वाकली. मोठा श्वास घेतला.

“जायफल हाय काय गो यात?”

“आहे. आणि वेलची.”

“मंग रडतेस कशाला? सांडला तर न्हाय ना? चुलीवर घाल. बगू काय होतंय तं.”

ओव्हन तापला. रुचिताने ट्रेवर लोण्याचे खडे टाकले, किसलेला गूळ भुरभुरला आणि आत सरकवला. मावशीला समोरच बसायचं होतं, म्हणून ओव्हन ओट्यावरून उतरवून खालच्या स्टुलावर मांडला होता. आई गुडघे धरून शेजारी बसली. सुभाषराव पेपर टाकून मागे येऊन उभे राहिले. नीरज एका बाजूला, रुचिता दुसऱ्या. ओव्हनच्या काचेत पिवळा दिवा, आणि सगळ्यांच्या नजरा तिथे.

आधी बराच वेळ काही झालं नाही. मग कडेला एक बुडबुडा आला. मग गूळ वितळून चकाकायला लागला. आणि मग सगळा ट्रे हळूहळू वर यायला लागला. अगदी सावकाश, झोपलेल्या माणसाची छाती श्वासाने वर येते तसा. मधला भाग फुगला, कडा सोनेरी झाल्या, तुकड्यांची टोकं तांबूस झाली. घरभर जायफळाचा, तापल्या गुळाचा आणि खरवसाचा वास दरवळला. होय, खरवसाचाच. मनोरमाबाईंनी चमकून मान वर केली.

 रुचिताने नीरजकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काचेतला उजेड पडला होता, आणि तोंड थोडं उघडं राहिलं होतं. काल रेडकाबद्दल सांगतानाचा तोच चेहरा. तिच्या काळजात काहीतरी हललं, आणि ते काय आहे हे तिला लगेच कळलं. इतक्या सहज कळतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

“हे असं होतंच कसं?” ती पुटपुटली.

त्याने वळून पाहिलं. ओळखलं त्याने आपलंच वाक्य. आणि कालचं ते हसू त्याच्या डोळ्यांत परत आलं.

ट्रे बाहेर काढला तेव्हा मधला भाग अजून थरथरत होता. सुरी आत गेली ती लोण्यात जावी तशी. वरचा थर कुर्रकन मोडला, आणि आत... आत चीक बसला होता. घट्ट नाही, पातळ नाही, मऊ, ओलसर, पांढुरक्या पिवळ्या रंगाचा. नुसत्या चिकाचा कधीकधी रबर होतो. पण पिशवीच्या दुधाने त्याला सैल केलं होतं आणि ब्रेडने जागा दिली होती. मनोरमाबाईंनी बोटाने दाबून पाहिलं आणि वाटी काढली. तीच वाटी, शकूची.

वरून काकवी सोडून रुचिताने वाटी पुढे केली. 

मावशीने एक घास घेतला. तोंडात घोळवला. डोळे मिटले. नीरज बघत होता. आता ती वाटी सरकवेल, या भीतीने त्याने मुठी आवळल्या होत्या, आणि रुचिताला ते दिसत होतं.

“ह्यो खरवस न्हाय,” मावशी म्हणाली.

रुचिताची मान खाली गेली.

“खरवस न्हाय. पन लय झ्याक हाय. ह्यो काय हाय ता मना म्हाईत न्हाय.” तिने चमचा बाजूला ठेवला आणि हातानेच खायला सुरुवात केली. वाटी रिकामी झाली. तिने ती पुढे धरली. “अजून घाल. कंजूषपना करू नको.”

नीरज उठून खिडकीशी गेला आणि बाहेर बघत राहिला, पाठ करून. बाहेर समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी सोडून बघण्यासारखं काही नव्हतं. रुचिता पाण्याचा ग्लास घेऊन त्याच्यापाशी गेली.

“सहा महिन्यांत तिने कुठलाच पदार्थ दुसऱ्यांदा मागून घेतला नव्हता,” तो म्हणाला. त्याचे डोळे ओले होते आणि ते त्याने पुसले नाहीत. “तुम्हाला कळतंय ना, तुम्ही काय केलंत?”

“मी काही नाही केलं. मी चूक केली.”

“मग अशाच चुका करत जा.”

मावशीने तीनदा घेतलं. उरलेला ट्रे मनोरमाबाईंनी तिच्यासाठी डब्यात भरला. आणि नेमक्या त्या वेळी बेल वाजून ऑफिसातली स्वप्नाली, ममता आणि बाकी मंडळी दारात हजर झाली. परफ्यूमचा घमघमाट, हातात फुलं, पोटात कावळे.

“वास काय सुटलाय,” स्वप्नाली म्हणाली. “कुठेय तुझा तो फ्रेंच टोस्ट?”

“संपला,” रुचिता म्हणाली.

मग काय, मनोरमाबाईंनी पदर खोचला आणि झरझर पोहे भिजवले. मुंबईहून ब्रंचला आलेल्या मैत्रिणींना कांदेपोहे मिळाले, वर खोबरं आणि लिंबाची फोड. त्यांनी ते दोनदा मागून खाल्ले. खाता खाता त्यांच्या नजरा नीरजवरून रुचितावर आणि रुचितावरून नीरजवर फिरत होत्या. त्याचीही बशी भरली होती आणि ती त्याला रुचितानेच नेऊन दिली होती.

सुभाषरावांनी घास चावता चावता एकदा सगळीकडे पाहिलं. “मुलगा आलाय, मुलाची आई आलीय, मुलीने पोहे दिलेत,” ते म्हणाले. “म्हणजे कार्यक्रम झालाच की. आता फक्त पसंती कळवायची राहिली.”

मनोरमाबाईंनी त्यांना डोळ्यांनी दटावलं. रुचिता कानापर्यंत लाल होऊन स्वयंपाकघरात पळाली. शकूमावशी मात्र गालातल्या गालात हसत म्हणाली, “आमचा डाक्तर मुका हाय. त्याला इचारायला लागंल.”

खाली गेटपाशी रिक्षा आली. नीरजने आईला हाताला धरून आत बसवलं, डबा तिच्या मांडीवर दिला. रुचिता काकवीची बाटली द्यायला खाली आली होती. बाटली हे निमित्त, ते सगळ्यांना कळत होतं. रिक्षावाल्यालासुद्धा.

“डबा परत करायला येईन,” तो म्हणाला.

“डबा काय, कधीही द्या. घाई नाही.”

“मला आहे.” तो थांबला. “तबेल्यात अजून बऱ्याच म्हशी गाभण आहेत. रेडकाचं पोट भरून जो चीक उरतो, तो मालक मलाच देतो. दरवेळी आणीन. पण... मधल्या दिवसांत काय निमित्त काढू, ते सुचत नाहीये.”

“शिळा ब्रेड आणा.”

“कोंबड्यांसाठी?”

“हो. सवय लागलीय त्यांना तुमची.”

तो हसला. मग त्याने स्वतःच्या शर्टाच्या बाहीचा वास घेतला आणि जरा ओशाळून म्हणाला, “काल बेकरीत तू मागे सरकली होतीस. सकाळी दोनदा आंघोळ केली मी. अजून येतो का गं?”

तो ‘तू’ त्याच्या तोंडून कसा निसटला, हे त्यालाही कळलं नसावं. तिला कळला. ती एक पाऊल पुढे आली. नाक त्याच्या खांद्याजवळ नेलं, डोळे मिटले आणि अगदी गंभीरपणे वास घेतला.

“येतो,” ती म्हणाली. “चांगला येतो.”

“मग?”

“मग काय, नीरज? मी कुठे पळतेय?”

रिक्षातून मावशीचा आवाज आला, “पोरी, तो डबा रिकामा करून देते मी. उद्याच.”